सर्व्हरवर काय टाकायचं

दिवाळीच्या आधी दीड-दोन महिने आमच्या रक्तपेढीतल्या सर्व्हरचा पंखा आवाज करायला लागला. मला आधी वाटलं, धूळ असेल. ब्लोअर लावून धूळ काढली, एक-दोन दिवस बरे गेले, मग परत तीच घरघर. जिन्याखालच्या त्या खोलीत एक टेबल, एक यूपीएस आणि तो काळा डबा एवढंच होतं. माझी खुर्ची भिंतीच्या पलीकडे असल्यामुळे तो आवाज दिवसभर माझ्या कानात असायचा. आवाज बदलला की मी उठून बघायची. थांबला की पळायची.

रक्तपेढी अमरावतीत, राजापेठेला लागून आहे. एक ट्रस्ट ती चालवतो. अकोल्यात तिचं छोटं केंद्र आहे. दोन्हीकडच्या पिशव्यांची नोंद त्या एका सर्व्हरवर व्हायची. पिशवी कोणत्या गटाची, कधी घेतली, कधीपर्यंत चालेल, कोणत्या फ्रिजच्या कोणत्या कप्प्यात आहे, सगळं तिथं. प्लेटलेट्स तर पाच दिवसांत वापरल्या नाहीत की फेकून द्याव्या लागतात, म्हणून सकाळी कामावर आलेला माणूस आधी स्क्रीनवर तारखा बघायचा आणि मग चहाकडे वळायचा. मी तिथली एकटी कॉम्प्युटरवाली. सर्व्हर माझ्याकडे होता, आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी हाक मलाच यायची.

तो सर्व्हर उभा केला होता माझ्या आधी तिथं असलेल्या सरांनी. सर मूळचे परतवाड्याचे. मी चांदूर बाजारची, अमरावतीच्या कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली, तेव्हा त्यांनी मला हाताखाली घेतलं आणि जे काय येतं ते सगळं शिकवलं. एक गोष्ट मात्र त्यांनी स्वतःच्या आवडीनं केली होती. सर्व्हर चालवायला जी मूळ सिस्टम लागते, ती बहुतेक जण लिनक्समधली एखादी घेतात. फुकट असते, आतलं सगळं कुणालाही वाचायला, बदलायला मोकळं असतं. सरांनी लिनक्स घेतलं नव्हतं. त्यांनी फ्रीबीएसडी घेतलं होतं. तीही फुकट, तीही मोकळी, वरून पाहिलं तर भावंडंच वाटावीत अशी. पण कमांड वेगळ्या, फाइली ठेवायच्या जागा वेगळ्या, डिस्कची नावं वेगळी. लिनक्सची सवय असलेला माणूस तिच्यासमोर बसला की दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात मीठ शोधल्यासारखा चाचपडत राहतो. अमरावतीत ती येणारं सरांशिवाय कुणी मला माहीत नव्हतं, आणि अकोल्यात तर नव्हतंच.

सर तिच्याबद्दल बोलायला लागले की त्यांचा चेहराच बदलायचा. तिच्यात काही फालतू नाही, एकाच घरच्या माणसांनी बसून लिहिल्यासारखी आहे, असं ते म्हणायचे. खरंच ती चालायचीही तशीच. लाईट गेली-आली, उन्हाळ्यात ती खोली भट्टीसारखी तापली, तरी तिचं काही बिघडायचं नाही. सर निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेले. जाताना मला म्हणाले, "तिले उगीच हात लावू नको बेटा. ती तुले त्रास देणार नाई." मी नाही लावला हात. वर्षं गेली. त्या जुन्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळायच्या बंद झाल्या, तेही मला ठाऊक होतं. चालू आहे ना, म्हणून मी बघत राहिले.

पंख्याचा आवाज डॉक्टरसाहेबांच्या कानावर गेला आणि विषय संपला. ट्रस्टचं सगळं तेच बघतात. त्यांनी मला बोलावून सांगितलं की नवीन मशीन घ्या, डिसेंबर संपायच्या आत बदला, आणि त्यावर काय टाकायचं ते तुम्हीच ठरवा, मला त्यातलं कळत नाही. फक्त असं काहीतरी टाका की पुढची पाच-सात वर्षं मला परत हा विषय ऐकायला लागू नये.

पाच-सात वर्षं. मी हो म्हणून बाहेर आले आणि पॅसेजमध्ये उभी राहिले. त्याच आठवड्यात माझ्या नवऱ्याच्या बँकेत बढतीची यादी लागली होती आणि एप्रिलपासून नागपूर असं त्यांना तोंडी कळलं होतं. ऑर्डर हातात नव्हती. घरात आम्ही त्यावर बोलायचो आणि लगेच गप्प व्हायचो. मुलीची शाळा, माझी नोकरी, सासूबाईंचा दवाखाना. रक्तपेढीत मी कुणाला काही बोलले नव्हते. एप्रिलमध्ये आपण इथे असू का हे ज्या बाईला माहीत नाही, तिनं सात वर्षांसाठी सिस्टम निवडायची होती.

मशीन आलं आणि मी कामाला लागले. खरं तर सुटलेच. पहिल्यांदा डेबियन टाकलं, लिनक्समधलं जुनं, सावकाश बदलणारं म्हणून ओळखलं जाणारं. दोन दिवसांनी वाटलं, यात सगळं थोडं मागचं असतं, आपण आत्ताच जुनं का घ्यायचं? ते पुसून उबंटू हे दुसरं लिनक्स टाकलं. मग मोठ्या कंपन्यांत चालतं त्या वळणाचं एक लिनक्स टाकलं, तेही पुसलं. प्रत्येक वेळी सुरुवातीला बरं वाटायचं. आता झालं, असं वाटायचं. संध्याकाळी स्कूटीवरून घरी जाताना, राजापेठेत क्लास सुटलेल्या पोरांच्या गाड्यांमधून वाट काढताना त्यातली एखादी खोट सुचायची आणि दुसऱ्या दिवशी मी परत पहिल्यापासून सुरू करायची. काउंटरवरच्या आमच्या जुन्या टेक्निशियन ताई माझ्याकडे बघून एकदा म्हणाल्या, "काहून एवढी उठबस करून राहिल्या? नवी सून बी इतके वेळा भांडे लावत नाई."

शेवटी मी फ्रीबीएसडीची नवी आवृत्ती टाकून पाहिली. तुलना पूर्ण व्हावी म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. टाकली आणि माझा जीव तिच्यावर जडला. सरांनी शिकवलेलं सगळं बोटांत होतंच. सगळं जागच्या जागी. एका डिस्कची हुबेहूब नक्कल दुसरीवर ठेवणं, सगळं जुन्या तारखेला होतं तसं परत आणणं, काय सुरेख होतं ते. तो आठवडा मी पहिल्यांदा शांत बसले. हेच टाकायचं असं मनाशी ठरवूनही टाकलं. फक्त कुणाला सांगितलं नाही, कारण अकोल्याला सांगायचं म्हणजे भांडण होतं.

अकोल्याच्या केंद्राचा कारभार एका माणसाकडे होता. माझ्याच वयाचा, थोडा जास्तच. शिक्षणानं लॅब टेक्निशियन, पण घरात भावाचं इंटरनेट कॅफे होतं, पुढे त्याचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान झालं, आणि तिथली सगळी मशीनं यानं उबंटूवर चालवली होती. ते तो पहिल्याच भेटीत सांगायचा. बोलणं वऱ्हाडी, मधूनच हिंदी, आणि घाई तर इतकी की समोरच्याचं वाक्य तोच पुरं करायचा. वर्षानुवर्षं त्याची एकच तक्रार होती. अकोल्याहून एखादी नोंद अडकली की त्याला काहीच करता यायचं नाही, मला फोन लावून बसावं लागायचं. मी सुट्टीवर असले तर तो आणि पेशंटचे नातेवाईक दोघंही ताटकळायचे.

नव्या मशीनची गोष्ट त्याला कळली तसे त्याचे फोन वाढले. मी टाळत राहिले. मग तोच म्हणाला की मी इथं एका जुन्या मशीनवर उबंटू टाकून आपला सगळा प्रोग्राम चालवून पाहिला आहे, येऊन बघा. मी गेले. सकाळची एसटी धरली, बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याला उतरले. कपाशीची वेचणी चालू होती, ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर, बस रेंगाळत गेली. खिडकीशी बसून मी सगळा वेळ त्याच्यासमोर काय मुद्दे मांडायचे ते जुळवत होते.

त्यानं खरंच चालवून दाखवलं. प्रोग्राम उघडत होता, बारकोडचा प्रिंटर तर माझ्यापेक्षा त्याच्याकडे सरळ चालत होता. मी खोट शोधायला बसले होते आणि ती सापडलीही. त्यानं उबंटूची सगळ्यात नवी आवृत्ती घेतली होती. उबंटूच्या काही आवृत्त्या वर्षानुवर्षं सांभाळल्या जातात, मधल्या मात्र जेमतेम नऊ महिने. त्याची मधली होती. मी ते दाखवलं. त्याचा चेहरा उतरला, पण लगेच म्हणाला की मग ती बदलू, त्यात काय. मी म्हणाले, सर्व्हर म्हणजे दुकानातलं मशीन नव्हे. हे मी जरा टोचून म्हणाले. तो उठून कोपऱ्यातल्या फ्रिजचं तापमान बघून आला.

आम्ही असे अबोल्यात चहा पीत होतो तेव्हा अमरावतीहून फोन आला. सर्व्हर बंद पडला होता. पंखा थांबला, मशीन तापलं, आणि आपोआप बंद झालं. ताईंनी टेबलपंखा लावून परत चालू केलं, तर काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी विचारून ते थांबलं होतं. मी म्हणाले, वाचून दाखवा. ताईंनी एकेक अक्षर वाचलं. मला कळलं की बंद पडताना डिस्कवर काहीतरी अर्धवट राहिलं आहे आणि ती तपासायची आहे. ते मी करू शकत होते. पण डिस्कची नावं सरांनी आपल्या पद्धतीनं दिली होती, आणि समोर बसून केलं असतं तर हातांनी आठवलं असतं ते मला फोनवर आठवेना. ताई एका हातात फोन धरून एका बोटानं टाइप करत होत्या. एक चूक झाली की पहिल्यापासून.

तेवढ्यात त्यांनी सांगितलं की थॅलेसेमियाच्या एका मुलीचे वडील काउंटरवर उभे आहेत. त्या मुलीला ठरावीक दिवसांनी रक्त द्यावंच लागतं, ते आमच्याकडे नेहमी यायचे. पिशवी होती, पण तिच्यासाठी जुळवून ठेवलेली कोणती, ते स्क्रीनवर होतं. शेवटी दुसऱ्या टेक्निशियननं फ्रिज उघडून पिशवीन् पिशवी बघत शोधून काढली आणि पुन्हा तपासून दिली. मुलीला रक्त वेळेत मिळालं. कुणाचं काही वाईट झालं नाही. पण तेवढा वेळ मी अकोल्यात खुर्चीच्या कडेवर बसून होते आणि ज्याला मी आत्ताच टोचून बोलले होते, तो अकोल्याचा माणूस माझ्या शेजारी हात बांधून उभा होता. लिनक्स असतं तर त्यानं सांगितलं असतं. यातलं त्याला काही येत नव्हतं, आणि ते मी आणि सरांनी मिळून तसं ठेवलं होतं.

मी सरांना फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा त्यांनी उचलला. मी सगळं एका दमात सांगितलं. सरांनी डिस्कचं नाव सांगितलं, कमांड सांगितली, स्पेस कुठे द्यायची तेही सांगितलं, इतक्या वर्षांनंतर, काही न बघता. मी ते ताईंना सांगितलं आणि मशीन उठलं. अकोल्याच्या माणसानं मान हलवली. "मानलं बुवा," असं तो म्हणाला, आणि ते सरांसाठी होतं.

परतीच्या बसमध्ये मात्र मला दुसरंच काही सलत होतं. फोनवर सरांचा आवाज. आम्ही सगळे घाबरलेलो, आणि सरांचा आवाज असा होता, जणू त्यांना नातू झाला आहे.

दिवाळीत सर पुतण्याकडे परतवाड्याला आले होते. जाता-जाता अमरावतीत उतरले आणि सरळ रक्तपेढीत आले. वाळले होते. ताईंनी त्यांना चिवडा दिला, तो हातात घेऊन ते जिन्याखाली गेले, जुन्या मशीनसमोर बसले. जुना डबा तेव्हा झाकण काढून, टेबलपंख्याच्या वाऱ्यावर चालत होता. त्यांनी एक-दोन कमांड दिल्या, थोडा वेळ बघत राहिले. मी त्यांना नवीन मशीनही दाखवलं. त्यावर फ्रीबीएसडीच होती. सर खूश झाले. जुन्यापेक्षा हे किती चांगलं झालंय ते मी त्यांना दाखवत होते, ते मला दाखवत होते. दोघांचाही अर्धा-पाऊण तास असाच गेला.

मग त्यांनी सहज विचारलं की अकोल्याच्या माणसाला हे येतं का. मी नाही म्हणाले. मग त्याले शिकव, म्हणाले. मी म्हणाले, शिकवीन, पण एप्रिलमध्ये मी बहुतेक नागपूरला जाते आहे. हे मी रक्तपेढीत कुणाला पहिल्यांदाच सांगत होते, आणि तोंडातून गेल्यावर मला कळलं की आपण जाणार आहोत, बहुतेक वगैरे काही नाही.

सर चिवड्यातले शेंगदाणे निवडत होते.

"मी गेलो तवा मले वाटे, का हे कवातरी बंद पडन," ते म्हणाले. "बंद पडन अन् मले फोन येईन. मी वाट पाहे. बंदच नाई पडलं."

मी टेबलपंखा जरा मशीनकडे वळवला.

"त्या दिवशी तुहा फोन आला तं मले लय बरं वाटलं. तिकडं एक लेकरू रक्तासाठी थांबून होतं, अन् मले बरं वाटून राहिलं होतं. दिवसभर सुनेले सांगत होतो. हे काई चांगलं नाई, बेटा."

एवढंच बोलले. मग उठले, ताईंना नमस्कार केला. मी त्यांना स्कूटीवरून बसस्टँडला सोडलं. वाटेत ते पुण्यातल्या पाण्याच्या टँकरबद्दल बोलत होते.

त्यांना सोडून आल्यावर माझं कशातच लक्ष लागेना. नव्या मशीनवर मी केलेलं सगळं मला दिसत होतं, सुरेख आणि फक्त मला समजणारं. नागपूरहून मी फोनवर सांगत बसले असते. कदाचित मलाही बरं वाटलं असतं. घरी भाजी निवडताना नवऱ्यानं विचारलं की झालं का तुझं ठरवून, तर मी एकदम चिडले. मग आत जाऊन मुलीच्या वह्यांना कव्हरं घालत बसले, ती नको म्हणत असताना.

सोमवारी मी ते मशीन पुसलं. कुणी बघत नव्हतं. पुसायला वेळ लागत नाही, एक होकार द्यावा लागतो फक्त. डेबियन टाकलं. आणि अकोल्याला फोन केला.

त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग उबंटूच काहून नाई?"

मी कारणं सांगितली. उबंटू डेबियनवरूनच निघालेलं, तुमच्या हाताला नव्वद टक्के तेच लागेल. हे हळू बदलतं, आपण मागितल्याशिवाय नवीन काही आणत नाही, आणि रक्तपेढीला नवीन काही नकोच आहे. सगळी कारणं खरी होती. तो म्हणाला, "मॅडम, तुमाले फकत माह्यं नाव नको होतं."

ते अगदी खोटं होतं असं मी म्हणणार नाही. मी म्हणाले, पुढे हे तुम्हालाच चालवायचं आहे, मी एप्रिलमध्ये जाते आहे. मग त्यानं आधी नागपूरला कुठे, घर पाहिलं का, मुलीचं काय, हे सगळं विचारलं. आणि शेवटी म्हणाला की ठीक आहे, डेबियन तर डेबियन, पण एक शर्त आहे. "टाइप मी करीन. तुमी हात लावाचा नाई."

डिसेंबरातल्या एका रविवारी तो सकाळच्या गाडीनं आला. रविवारी दुपारी आमच्याकडे जरा निवांत असतं. काउंटरवर कागदी रजिस्टरं काढून ठेवली होती, तोपर्यंतच्या नोंदी हातानं होणार होत्या. तो माझ्या खुर्चीत बसला, मी शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर. जुन्या मशीनवरचा डेटा काढायचा, नव्यावर चढवायचा, मोजदाद जुळते का बघायचं, मग दोन्हीकडचे काउंटर नव्याकडे वळवायचे. त्याला सगळं घाईत करायची सवय, मला प्रत्येक ओळ दोनदा वाचायची. तो एंटर दाबायच्या आधी माझ्याकडे बघायचा नाही. मीच मग "थांबा" म्हणायची. तीन-चारदा म्हटल्यावर तो हसून म्हणाला, "अशानं तं ईद येईन, मॅडम." पण थांबायला लागला.

मोजदाद जुळली. प्रोग्राम उघडला. अकोल्याहून त्याच्या सहकाऱ्यानं एक नोंद टाकून पाहिली, इथे दिसली. ताईंनी सकाळच्या शिबिरातून आलेल्या प्लेटलेट्सच्या पिशवीचं लेबल छापलं आणि तसंच हातात धरून जिन्याखाली आल्या.

"पंधरावा महिना कोनता असते?" त्यांनी विचारलं.

लेबलावर मुदतीची तारीख उलटी छापली होती. महिना आधी, दिवस मागे. नव्या सिस्टमवर तारखांची पद्धत अमेरिकेची राहून गेली होती. पंधरा होता म्हणून दिसलं. पाच किंवा सहा तारीख असती तर ती सरळ तारीखच वाटली असती, आणि पिशवी कोणत्या दिवशी फेकायची ते चुकलं असतं. माझा हात आपोआप कीबोर्डकडे गेला. त्यानं तो अडवला नाही, नुसता "शर्त" एवढं म्हणाला. मी हात मागे घेतला आणि दोन्ही हात स्टुलाखाली धरून बसले. त्याला कुठे बदलायचं ते सापडायला वेळ लागला. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही, आणि ती माझ्या आयुष्यातली फार लांब दुपार होती. एकदा तो चुकीच्या फाइलमध्ये गेला, बाहेर आला. मग त्याला ती जागा सापडली. बदललं, परत लेबल छापलं. ताईंनी चष्मा वर करून बघितलं आणि मान हलवली. त्यानंतर आम्ही तिघांनी मिळून त्या दिवशी छापलेलं लेबलन् लेबल तपासलं, जुन्या पिशव्यांसकट. चूक तेवढी एकच होती.

निघताना मी त्याला विचारलं की घाबरला होता का. तो म्हणाला, बहोत. ताई मागून म्हणाल्या की त्यांना तर दोघांकडे बघूनच घाम फुटला होता.

मार्चपर्यंत मी रोज फोनवरून त्याच्याकडून काही ना काही करून घेतलं. बॅकअप काढणं, तो परत चढवून बघणं, मुद्दाम बंद पाडून उठवणं. त्याला त्याचा कंटाळा यायचा. मध्ये एकदा सरांचा फोन आला, काय टाकलं म्हणून. मी सांगितलं. "बरं हाय, ते बी बरं हाय," म्हणाले, आणि मुलीच्या अभ्यासाचं विचारलं.

एप्रिलमध्ये आम्ही नागपूरला आलो. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मला लगेच नोकरी मिळाली नाही. दोन-तीन ठिकाणी जाऊन आले, त्यांना दिवसभर नाही, नुसती लागेल तेव्हा येणारी बाई हवी होती. सुरुवातीला अकोल्याचे फोन यायचे, आठवड्यातून एखादा. मग पंधरवड्यातून. उन्हाळा गेला तसे ते थांबलेच. मी मोबाइल स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवायची, स्क्रीन वर करून.

डेबियनची पुढची आवृत्ती आली हे मी वाचलं. रक्तपेढीचं मशीन तिच्यावर न्यायचं म्हणजे नाजूक काम. तारखा, प्रिंटर, सगळं परत तपासावं लागणार. मी त्याच्या फोनची वाट बघितली. दोनदा स्वतःच लावावा असं वाटलं आणि नाही लावला. मग एका संध्याकाळी मुलीच्या शाळेच्या कसल्याशा फॉर्मसाठी मला अकोल्याचा एक पत्ता हवा होता, त्या निमित्तानं लावला. पत्ता मिळाला. मग मी विचारलं की नवीन आवृत्तीचं काय ठरवलं.

"ते झालं ना, मॅडम," तो म्हणाला. "मागच्या महिन्यातच केलं. तुमाले सांगाचं राहून गेलं."

काही अडलं का, मी विचारलं. नाई, म्हणाला. लेबलं तपासली? ताईंनी एकेक तपासली, म्हणाला, आणि मागे कुणीतरी त्याला हाक मारत होतं, म्हणून त्यानं घाईनं फोन ठेवला.

मी ओट्याजवळ उभी राहिले. मग चपला घातल्या. नवरा म्हणाला, कुठे? मी म्हणाले, दही संपलंय. दही संपलं नव्हतं. तीन मजले उतरून मी कॉलनीला फेरी मारली, मग आणखी एक मारली. डेअरीवाल्यानं दुकान आवरायला घेतलं होतं. त्याच्याकडून अर्धा किलो दही घेतलं आणि ते हातात धरून मी तिसऱ्या फेरीला निघाले.